जबडा सुटेपर्यंत

"आ करा."

"केला की!"

"एवढाच?" डॉक्टरीणबाईंनी माझ्या वरच्या-खालच्या दातांमध्ये मोजपट्टी उभी धरली. "बावीस मिलिमीटर. निदान चाळीस तरी हवं. काम काय करता?"

"शिवते. बत्तीस वर्षं."

"टाचण्या कुठे धरता?"

मी तोंडाकडे बोट दाखवलं.

"आणि दोरा?"

दुकानात तीन कात्र्या आहेत आणि दोरा मात्र मी दातांनी तोडते. बाईंनी माझे झिजलेले दात बघून काय ते ओळखलं. मग कानापुढचा सांधा दाबला, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले.

ऑपरेशन नको म्हणाल्या. रात्री दातांवर बसवायला प्लास्टिकचं कवच, गरम शेक, मऊ जेवण. दिवसातून सहा वेळा जीभ टाळूला लावून हळूहळू तोंड उघडायचं. ओठ मिटले तरी दातांना दात लागू द्यायचे नाहीत.

"किती दिवस?"

"दुखणं उतरायला सहा आठवडे. मोकळं बोलायला तीन-चार महिने."

"चार महिने! अहो, चार दिवसांत मी अख्खा कोट शिवून देते."

"मग जबडाही तुम्हीच शिवा," बाई शांतपणे म्हणाल्या.

खाण्याचं मला काही नव्हतं, पातळ खाऊन माणूस मरत नाही. प्रश्न आमच्या ह्यांचा होता. ह्यांचे कान लहानपणी तापात गेले. दुकानात मी शिवते, हे इस्त्री करतात, आणि दिवसभर माझ्या ओठांवरून माझं बोलणं वाचतात. बाकी कुणाचं ह्यांना धड कळत नाही. म्हणजे मी बोलले तरच ह्यांच्यापर्यंत जग पोचणार. आता दुखण्याने मी ओठ जेमतेम हलवून पुटपुटत होते. गिऱ्हाइकांचं काय ते खडूने टेबलावर लिहून दाखवायची. पण खडूने कधी भांडण होतं का? आणि भांडणाशिवाय आमचा दिवस सरत नाही. मी ठरवलं, काय वाट्टेल ते होवो, हा जबडा सुटलाच पाहिजे.

टाचण्यांची उशी मनगटाला बांधली. कात्री गळ्यात अडकवली. तरी पहिल्याच दिवशी सात वेळा दोरा तोंडाकडे गेला. व्यायाम मात्र एकदाही चुकवला नाही. आणि दर तासाला, गिऱ्हाईक नाही असं बघून, आरशापुढे उभी राहून टेपने माप घ्यायची. बावीस. बावीस. एकदा चोवीस! त्या दिवशी मी शिलाई मशीनवर ताल धरला.

तीन आठवड्यांनी बाईंनी मोजपट्टी लावली. एकोणीस.

माझं अवसानच गळालं. "सगळं केलं हो मी! एक व्यायाम चुकवला असेन तर शपथ!"

"घरी माप घेता?"

"थोडंफार."

"म्हणजे?"

"तासाला एकदा."

"पूर्ण ताणून?"

"अहो, माप ढिलं कसं घेणार?"

बाईंनी कपाळावर हात मारला. "सैल शिवण घट्ट झाली का, म्हणून दर तासाला ओढून बघता का?"

दुखावलेला सांधा बिचारा रोज विसावू बघत होता आणि मी त्याला रोज पुन्हा उसवत होते. मी माझ्या मापाला रजा दिली. यापुढे माप महिन्यातून एकदा, तेही बाईंच्या पट्टीने.

मग मी वाट बघायला शिकले. शिवणाऱ्या बाईला याहून अवघड काम नाही. सहाव्या आठवड्यात एकदा कॉलर बसवताना लक्षात आलं की सकाळपासून कान ठणकला नाही. तिसऱ्या महिन्यात एकतीस. चौथ्यात छत्तीस. तोंड उघडताना कट्कन आवाज होतो. दुखत नसेल तर होऊ दे, बाई म्हणाल्या.

त्या दुपारी ह्यांच्यापुढे उभी राहून मी म्हणाले, "खिडकी लावते, ऊन येतंय."

"नको."

मी चाट पडले. चार महिने हे माझ्या प्रत्येक बोलण्याला मान डोलावत होते. मला वाटायचं, आजारी बायकोचा मान राखतात.

"चार महिने नुसतं 'हो, हो', आणि आज बरं 'नको' सुचलं?"

ह्यांनी इस्त्री उभी केली. "आज कळलं, तू काय म्हणालीस ते."

"मग इतके दिवस?"

"काय म्हणालीस असं विचारलं असतं, तर तुला पुन्हा बोलावं लागलं असतं. दुखलं असतं."

एकोणीस निघाले त्या संध्याकाळी, शेक घेता घेता, मी ह्यांना रडत विचारलं होतं, "मी पुन्हा तुमच्याशी नीट बोलू शकेन ना?" ह्यांनी मान डोलावली होती. कुणीतरी ठाम सांगितलं म्हणून मी डोळे पुसले आणि दुसऱ्या दिवशी व्यायामाला बसले. पुढचे सगळे दिवस मी त्या होकारावर काढले होते. आणि ह्यांना प्रश्नच कळला नव्हता.

मी ह्यांची हनुवटी धरून तोंड माझ्याकडे वळवलं आणि ते सगळं सांगितलं. त्या संध्याकाळचा प्रश्न, त्याचं उत्तर, माझा राग, सगळं. जबडा कट्कट् वाजत होता. हे माझ्या ओठांवरून नजर न हलवता ऐकत होते. या वेळी मान डोलावली नाही.

"अजून बोल," म्हणाले.