हिरवी वस्ती

"अभिनंदन, सिस्टर. तुमची टेकडीवरची वस्ती हिरवी झाली," साहेब म्हणाले आणि त्यांनी भिंतीवरच्या नकाशावर बोट टेकवलं.

सिस्टरला आधी खरंच बरं वाटलं. का वाटू नये? त्या टेकडीच्या पायऱ्या चढून तिचे गुडघे कामातून गेले होते. ती पहिल्यांदा तिथे गेली तेव्हा बायका दार लावून घेत आणि "घरात कोणी नाही" असं आतून स्वतःच ओरडून सांगत. आता तिथलं झाडून सगळं पोर लस टोचून घेतलेलं, बाळंतिणी वेळेवर दवाखाना गाठणाऱ्या, आणि म्हाताऱ्यांना गोळी चुकवायची तर तीसुद्धा चोरून चुकवावी लागे. कचेरीच्या नकाशात नीट चाललेली वस्ती हिरवी रंगवत, बिघडलेली लाल. टेकडीचा हिरवा काही आकाशातून पडला नव्हता.

"तर पुढच्या महिन्यापासून तुम्ही कालव्याकडच्या लाल वस्तीत," साहेब म्हणाले.

"आणि टेकडीवर कोण?"

"टेकडीला आता घरोघर जाणारी नर्स कशाला? गरज असेल त्याने खाली केंद्रावर यायचं. नर्स मोजक्या, वस्त्या ढीगभर. जिथे गरज जास्त तिथे माणूस द्या, हे मागच्या बैठकीत तुम्हीच म्हणाला होतात."

म्हणाली होती खरी. चांगली हातवारे करून म्हणाली होती. फक्त तो माणूस आपल्याच टेकडीवरून उचलतील हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. आणि कालव्याकडे काय चाललंय हे तिला ठाऊक होतं. तिथे तान्ही बाळं जुलाबाने जात होती. साहेब चुकत नव्हते, हीच तर पंचाईत होती. चुकत असते तर कडकडून भांडता आलं असतं.

"इस्त्रीवाल्यांच्या पायाचं काय?" तिने विचारलं.

"त्यांचं ड्रेसिंग बायको करते ना? फार छान करते, असं तुम्हीच सांगितलंत."

"करते. पण दर आठवड्याला मी बघते, मेलेली कातडी काढते. साखरेच्या आजाराचा पाय आहे, साहेब. दिसतो बरा आणि आतून दगा देतो."

"मग केंद्रावर आणतील की."

"टेकडी उतरून? त्या पायाने?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला.

घरी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "वाईट काम केलं तर बदली, चांगलं केलं तरी बदली. तू आता जरा बेताचं काम करायला शीक." एरवी ती हसली असती. त्या दिवशी तिने ताट बाजूला सारलं आणि उठून गेली.

इस्त्रीवाल्यांचं घर म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत इस्त्रीचं टेबल आणि लोकांच्या कपड्यांची गाठोडी, मागच्या खोलीत संसार. इस्त्रीवाले दादा उभे राहून काम करायचे. एके दिवशी गरम इस्त्री पावलावर पडली आणि त्यांना कळलंसुद्धा नाही. जळका वास आला तेव्हा ते शर्ट जळाला की काय म्हणून टेबलावर बघत राहिले. साखरेने पायातली जाणीवच गेली होती. तेव्हापासून ती जखम सिस्टरने जिवापाड जपली होती. सिस्टरने म्हणण्यापेक्षा वहिनींनी.

वहिनी म्हणजे इस्त्रीवाल्यांची बायको. अशी बाई सिस्टरने साऱ्या नोकरीत पाहिली नव्हती. पाणी उकळून घ्या म्हटलं की उकळणार, हात कोपरापर्यंत धुवा म्हटलं की कोपरापर्यंतच धुणार, पट्टी उन्हात वाळवा म्हटलं तर ऊन जिकडे सरकेल तिकडे दोरी सरकवणार. सिस्टरचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. शेजारणी थट्टा करायच्या, "सिस्टरने श्वास घेऊ नका सांगितलं तर ही नाक दाबून बसेल." वहिनी म्हणायच्या, "बसेन. तुमच्या सांगण्यावर चालले असते तर यांचा पाय कधीच गेला असता."

शेवटच्या भेटीला सिस्टरने जखम साफ केली. कडेने गुलाबी कातडी धरत होती. इतकी सुंदर जखम बघून तिला रडूच यायला लागलं.

"वहिनी, आता मी यायची नाही. मला कालव्याकडे टाकलंय."

वहिनींच्या हातातली पट्टी तशीच राहिली. "का? आमचं काही चुकलं का?"

"चुकलं नाही म्हणूनच. तुमची वस्ती सुधारली. सुधारलेल्या वस्तीला नर्स मिळत नाही."

"मग कशी मिळते?"

सिस्टरच्या जिभेवर दिवसभराचा कडवटपणा साचला होता. पिशवीची चेन ओढता ओढता ती म्हणाली, "बिघडा जरा. बिघडलात की येईन धावत."

दादा हसले. सिस्टरही हसली. वहिनी हसल्या नाहीत, पण त्या तशाही फारशा हसत नसत.

कालव्याकडे सिस्टरच्या नाकी नऊ आले. पुन्हा तीच बंद दारं, पुन्हा आतून तेच ओरडणं. दोन बाळं तिच्या डोळ्यांदेखत गेली, तीन वाचली. टेकडीची आठवण यायची, पण पाय ओढत घरी आल्यावर कुठे जायचं त्राण नसायचं. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी न राहवून ती टेकडी चढली.

वास दारातच आला. तो वास कशाचा हे तिला कोणी सांगायला नको होतं.

वहिनी लगबगीने पुढे आल्या. चेहऱ्यावर समाधान होतं. "आलात ना. मी यांना म्हटलंच होतं."

खाटेवर दादा तापाने फणफणलेले होते. पट्टी जुनी, पिवळी, कातडीला चिकटलेली. सिस्टरने ती भिजवून सोडवली. बोटं काळी पडली होती आणि काळं घोट्याकडे सरकत होतं.

"वहिनी, हे काय केलंत? पट्टी कधीपासून बदलली नाही?"

"बदलायची बंद केली. थोडंसंच बिघडवायचं होतं, सिस्टर. मग केंद्रावर गेले, म्हटलं पाय बिघडलाय, आमच्या नर्सला पाठवा. तिथल्या बाई म्हणाल्या, कळवते. तेव्हापासून वाट बघतेय."

"अहो, मग तोवर साफ तरी करायचं."

"हात लावला असता तर सुधारला असता ना. मग तुम्ही कशाला आला असतात?"

दादा डोळे मिटूनच म्हणाले, "मी विचारलं हिला. ही म्हणाली, सिस्टरनीच सांगितलंय. मग मी काही बोललो नाही."

केंद्रावरून सिस्टरला कोणी काही कळवलं नव्हतं. तिने फोन करून गाडी मागवली, चार शेजाऱ्यांना हाका मारल्या, खुर्चीत बसवून दादांना पायऱ्या उतरवल्या. मोठ्या इस्पितळात दुसऱ्याच दिवशी गुडघ्याखालून पाय कापला.

ती तडक साहेबांकडे गेली. साहेबांना ऐकून खरंच वाईट वाटलं. त्यांनी नकाशाकडे पाहिलं.

"एका पायाने वस्तीचा रंग बदलत नाही, सिस्टर," ते म्हणाले. "बोला, काय करू? कालव्यावरून तुम्हाला उचलू? म्हणत असाल तर आत्ता उचलतो."

सिस्टरच्या डोळ्यांपुढे कालव्याकडची ती तीन बाळं आली. "नको," ती म्हणाली.

"पाय गेल्याचं वर कळवावं लागेल. कारण काय सांगू?"

"उशीर झाला."

"म्हणजे घरच्यांचं दुर्लक्ष."

बोलायची वेळ होती ती हीच. ते 'बिघडा जरा' आपणच म्हणालो, हे सांगायचं होतं. नोकरी डोळ्यांसमोर आली, निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती. तिने मान हलवली. हो म्हणून हलवली. बाहेर येऊन जिन्यावर बसली तेव्हा तिला स्वतःची किळस आली.

संध्याकाळी ती इस्पितळात गेली. दादा गुंगीत होते. पांघरुणाखाली एका बाजूला सपाट होतं. वहिनी स्टुलावर ताठ बसल्या होत्या. येणाऱ्या जाणाऱ्या नर्सने त्यांना दोनदा बोल लावला होता, नवऱ्याची आबाळ केली म्हणून. त्यांनी तो मुकाट ऐकून घेतला होता. सिस्टरचं नाव घेतलं नव्हतं.

सिस्टर खाटेच्या कडेला टेकली. "वहिनी, मी ते गमतीने बोलले होते हो. बिघडा म्हणून."

वहिनींनी तिच्याकडे नीट पाहिलं. रागाने नव्हे, न समजल्यासारखं.

"मला काय कळणार, सिस्टर," त्या म्हणाल्या. "तुम्ही कधी गंमत करत नव्हतात."

सिस्टरला माफी मागायची होती. शब्द जुळवूनच ती आली होती. पण वहिनी उठल्या, कोपऱ्यातल्या नळावर गेल्या आणि हात धुऊ लागल्या. सावकाश, बोटांच्या बेचक्यांतून, थेट कोपरापर्यंत. तसेच ओले हात वर धरून त्या परत आल्या आणि स्टूल खाटेजवळ ओढून बसल्या.

"उद्या-परवा घरी सोडतील म्हणतात," त्या म्हणाल्या. "आता हे कसं बांधायचं ते सांगा."

सिस्टरने सांगायला सुरुवात केली. एक वाक्य बोलायची, थांबायची, मनात पुन्हा तपासायची, मग पुढचं. वहिनी ओठ हलवत एकेक शब्द पाठ करत होत्या.