हळद लागलेली पट्टी

काशीराम परबांनी कॉम्प्युटरला हात लावायचा नाही, असा ठराव त्यांच्या भांडुपच्या घरात चार वर्षांपूर्वीच पास झाला होता. कारणही तसंच होतं. दिवाळीच्या साफसफाईत म्हाताऱ्याने कीबोर्ड साबणाच्या पाण्यात घालून ब्रशने घासला आणि चिमटे लावून दोरीवर वाळत घातला! तेव्हापासून ते त्या टेबलाजवळ नुसते फिरकले, तरी त्यांची बायको जानकीआजी स्वयंपाकघरातून ओरडायची, "तुमी लांब रवा हां!"

आणि आज, ऐन दसऱ्याच्या दुपारी, तोच कॉम्प्युटर बोंबलत होता. बटण दाबलं की पंखा फिरायचा, पण स्क्रीन काळी ठिक्कर. मग आतून आवाज यायचा, "टूं... टूं... टूं." तीनदा. पुन्हा तीनदा.

"वाट लागली!" अपूर्वाने कपाळावर हात मारला.

अपूर्वा म्हणजे त्यांची नात. ॲनिमेशन शिकलेली. बंगळुरूच्या एका कंपनीने नोकरीसाठी परीक्षा म्हणून तिला पंधरा सेकंदांची चित्रफीत करायला सांगितली होती, आणि ती आज पाचच्या आत पोचायला हवी होती. त्या कंपनीला दसऱ्याशी काय देणंघेणं? चित्रं सगळी तयार होती, पण ती जोडून सलग फिल्म बनवायला घेतली की जुना कॉम्प्युटर निम्म्यात धापा टाकून बंद पडायचा. म्हणून काल तिने त्याची मेमरी वाढवायला नवी रॅम आणली होती. पंजात मावेल अशी हिरवी पट्टी, एका कडेला ओळीने सोनेरी दात. घरच्या रिवाजाप्रमाणे ती रात्रभर देवापुढे राहिली, सकाळी शस्त्रपूजेत विळी, हातोडी आणि शिलाई मशीनसोबत बसली, आणि दुपारी अपूर्वाने ती आत चढवली.

"जुनी लावली की सुरू होतो, नवी लावली की बोंबलतो," अपूर्वा म्हणाली. "दुसऱ्या खाचेत घालून बघितली, तीच बोंब. म्हणजे नवीच खराब निघाली. आणि दुकानवाला पूजा करून शटर पाडून गेला!"

काशीराम खुर्चीतून गुपचूप ऐकत होते. गिरणीत ते साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, जॉबर होते, माग दुरुस्त करणारे मुकादम. माग बिघडला की नुसत्या आवाजावरून दुखणं ओळखायचे. त्यामुळे राहवलं नाही.

"तीनदाच ओरडतोय बघ. मशीन उगाच नाही बोलत. काय सांगतंय ते?"

"रॅम सापडत नाही म्हणून सांगतंय, आजोबा." अपूर्वाने पट्टी काढून त्यांना लांबूनच दाखवली. "हे सोनेरी दात आहेत ना, ते आत नीट टेकले पाहिजेत. मध्ये जरा जरी काही आलं, तरी खेळ खल्लास."

काशीरामांनी मान पुढे काढून ते दात निरखले.

सोनेरी दात! सकाळी सगळे तोरणं बांधण्यात गुंतले असताना त्यांनीच पट्टीचं पाकीट हळूच उघडलं होतं. पाकिटावरून हळदकुंकू लावणं म्हणजे नवरीऐवजी तिच्या पेटीची पूजा केल्यासारखं. कुंकवाने डाग पडेल म्हणून बोट आवरलं, पण ओली हळद त्या सोनेरी कडेवर अगदी प्रेमाने फिरवली. सोन्यावर हळद कुणाला दिसणार?

आता गप्प बसलं, तर कुणालाही कळणार नव्हतं. पट्टी दुकानात परत गेली असती, काशीराम परब सहीसलामत सुटले असते. बोलले, तर टेबलच काय, त्या खोलीतसुद्धा बंदी झाली असती. त्यांनी घड्याळ बघितलं. पावणेचार. मग नातीचं रडवेलं तोंड बघितलं, आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"अपूर्वा, मी तिला हळद लावलीय."

"कुणाला?"

"ह्या तुझ्या पट्टीला. दातांवर."

स्वयंपाकघरात झारा खणकन पडला. "अरे देवा! ह्या माणसाक काय म्हणायचा?" जानकीआजी पुरीचं पीठ लागलेल्या हातांनीच बाहेर आली.

"नवीन वस्तू पुजल्याबिगर कशी वापरायची?" काशीराम पुटपुटले. "जॉबर झालो त्या दसऱ्याला मागालाही अशीच लावली होती. सुताच्या तारांना. दुसऱ्या दिवशी पांढऱ्या कापडात हा एवढा पिवळा पट्टा! सगळं खातं हसलं माझ्यावर."

अपूर्वा त्यांच्याकडे बघतच राहिली. मग तिला जे हसू फुटलं, ते थांबेचना. "आजोबा, म्हणजे पट्टी चांगलीय! नुसती पुसायचीय!" तिने उडी मारून खोडरबर आणलं आणि म्हणाली, "हळद तुम्ही लावलीत, आता तुम्हीच पुसा."

जानकीआजी पिठाचे हात कमरेवर ठेवून पहारा देत उभी राहिली.

काशीरामांनी चष्मा सारखा केला. सुताच्या बारीक तारा हाताळलेली ती बोटं. खोडरबर हलक्या हाताने एका दिशेने फिरत गेलं, पिवळी भुकटी निघत गेली. मऊ कोरड्या ब्रशने त्यांनी आतली खाचही झाडली. अपूर्वाने पट्टी बसवली, टक्क आवाज आला, बटण दाबलं.

"टूं." एकदाच. आणि स्क्रीन उजळली.

"झकास!" अपूर्वा किंचाळली.

तिने चित्रफीत लावली, आणि काशीराम खुर्चीतून उठलेच. पडद्यावर एक माग चालत होता, धोटा आडवं सूत घेऊन धावत होता आणि फणी ते ठोकून बसवत होती. त्यांचाच माग, लहानपणापासून तिला सांगितलेला. त्यांचे डोळे भरून आले. पण जॉबर तो जॉबरच!

"थांब, थांब! धोटा अजून मध्येच आहे आणि फणी मारतेस? सगळ्या तारा तुटतील की! त्याला पलीकडे पेटीत पोचू दे, मग मार."

"आयला, खरंच की!" अपूर्वाने ते दुरुस्त केलं. मग जरा थांबली, गालात हसली, आणि विणल्या जाणाऱ्या पांढऱ्या कापडात एक पिवळा पट्टा टाकला. ह्या वेळी कॉम्प्युटरने एकदाही धाप टाकली नाही. पाचला सात मिनिटं असताना फिल्म रवाना झाली, आणि परबांकडे गार झालेल्या पुऱ्यांवर सगळे तुटून पडले.

आठवड्याने ईमेल आलं. नोकरी पक्की! खाली एक प्रश्नही होता, की माग अगदी खरा वाटतो, पण कापडातला तो पिवळा पट्टा कशाचा?

अपूर्वाने टेबलाजवळ खुर्ची ओढली, आजोबांना दंडाला धरून तिथे बसवलं आणि कीबोर्ड त्यांच्यापुढे सरकवला. "ह्याचं उत्तर तुम्हीच लिहा."

काशीरामांनी आधी स्वयंपाकघराकडे बघितलं.

"लिवा, लिवा," आतून आवाज आला. "फकस्त धुव नकात!"