मांडीला कळणारी गाडी

"लावा कान, भावजी," असं म्हणत मेहुण्याने लांब स्क्रू ड्रायव्हर जॉबरच्या हातात दिला. "टोक इंजिनवर टेकवा, मूठ कानाशी. डॉक्टर छातीला नळी लावतो ना, तसं."

जॉबर उकिडवा बसला. त्याने टोक इंजिनवर टेकवलं, मूठ कानामागे दाबली, डोळे बारीक केले आणि जाणकार माणसासारखी मान डोलावली. खरं सांगायचं तर त्याच्या जबड्याला जराशी गुदगुली झाली, बाकी काही नाही.

"येतोय आवाज?"

"येतोय की."

"कसा आहे?"

"गोड आहे."

"गोड!" मेहुणा हसला. "इंजिन आहे भावजी ते, गाणं नाही. पण तुमचं बरोबर आहे. निरोगी गाडी आहे. डोळे झाकून घ्या."

जॉबरने मेहुण्याच्या ओठांवरून नजर काढली आणि गाडीकडे पाहिलं. काळी, मधल्या ताकदीची, नीट निगा राखलेली गाडी होती. ती चालू होती हे त्याला फक्त सायलेन्सरच्या तोंडाशी थरथरणाऱ्या धुरावरून कळत होतं. धूर दिसला नसता तर त्याने ती बंदच समजली असती.

जुन्या गाड्यांच्या त्या आवारात साठेक मोटरसायकली एकाच कुशीवर कललेल्या उभ्या होत्या. मागे पत्र्याची शेड, पुढे काचेची खोली, आणि खोलीत गल्ल्यापाशी बसलेला दुकानदार. मेहुण्याचं स्वतःचं छोटं गॅरेज होतं, त्यामुळे दुकानदार त्याच्याशी जपून बोलत होता.

जॉबर हे काही त्याचं नाव नव्हतं. कापडाच्या कारखान्यात बिघडलेले माग दुरुस्त करणाऱ्याला जॉबर म्हणतात, आणि मिसरूड फुटायच्या वयात माग खात्यात शिरलेला हा माणूस तिथेच एवढा मुरला होता की सासुरवाडीचे लोकसुद्धा त्याला त्याच नावाने ओळखत. माग खात्यात शेकडो माग एकदम ठोकत असतात. तिथे कोणी कोणाचं ऐकत नाही, सगळे बघतात. ओठ बघायचे, बोटं बघायची. मालक आला, पट्टा तुटला, चहा आला, अमक्याला मुलगी झाली, सगळं खातेभर ओठांवरून फिरतं. जॉबर तर खात्याच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाला चाललेली चेष्टा वाचायचा आणि हसायचा.

कान कधी गेले ते त्याला नक्की सांगता आलं नसतं. आधी पाखरं गेली, मग घड्याळाची टिकटिक, मग दारावरची घंटा. खात्यात त्याने काही अडत नव्हतं. बाहेर तो माणसाच्या समोर जाऊन बसायचा आणि तोंडाकडे टक लावून बघायचा. लोक म्हणायचे, किती मन लावून ऐकतो हा माणूस! त्याची तशी ख्यातीच झाली होती. बायको, मुलगी, मालक, कुणालाही त्याने पत्ता लागू दिला नव्हता. निदान त्याची तशी समजूत होती, आणि त्या समजुतीचा त्याला थोडा गर्वही होता.

आता मालकाने गावातलं खातं बंद करायचं ठरवलं होतं. लांबच्या रस्त्यावर विखुरलेली चार खाती तेवढी राहणार होती आणि त्या चारींना मिळून एकच फिरता जॉबर. "गाडी घे, जागा तुझी," मालक म्हणाला होता. "नाही तर मग दुसरा बघावा लागेल." जन्मात सायकलच्या पुढे न गेलेल्या माणसाने या वयात मोटरसायकल शिकायला घेतली ती अशी.

मेहुण्याने त्याला गॅरेजमागच्या मोकळ्या मैदानात आपली छोटी गाडी शिकवली. तोल होता, ब्रेक जमले, पण गिअरचं घोडं अडलं. गाडी किंचाळत असायची आणि हा आपला पहिल्या गिअरमध्ये निवांत. "बोंबलतेय ती, भावजी! टाका दुसरा!" असं मेहुणा समोर धावत येऊन हात नाचवायचा तेव्हा कुठे याला कळायचं. मेहुण्याला वाटायचं, वय झालं की हात जड होतो. जॉबरने त्याला तसंच वाटू दिलं.

"ही नको," जॉबर म्हणाला. "अजून बघू."

"अहो, दुसरी कशाला?"

"बघू तर."

दोघे रांगेतून पुढे निघाले. जॉबर एकेका गाडीवर बसायचा, दुकानदार ती चालू करून द्यायचा, आणि जॉबर गुडघे टाकीला चिकटवून वाट बघायचा. मांडीला काहीच जाणवत नव्हतं. मेहुण्याचा जीव आता मेटाकुटीला आला होता. नवरीमुलगी बघायला आल्यासारखं काय करताय, असं तो दोनदा म्हणाला.

शेडच्या कोपऱ्यात एक लाल गाडी एकटीच उभी होती. तिचा डावा फुटरेस्ट वाकवून सरळ केलेला दिसत होता, हँडलचं टोक घासलं होतं आणि टाकीवरचा रंग बाकी गाडीपेक्षा नवा होता. मेहुण्याने खाली वाकून एक नजर टाकली आणि तोंड वाकडं केलं.

"पडलेली आहे ही."

"एकाच हातातली आहे साहेब," दुकानदार म्हणाला.

"तो हात कुठे आहे आता?"

मेहुण्याने हे थट्टेत विचारलं होतं. दुकानदार हसला नाही. तो चावी शोधायला खिसे चाचपू लागला.

जॉबर बसला. दुकानदाराने किक मारली, आणि जॉबरच्या मांडीत काहीतरी जागं झालं. धक्, धक्, धक्. मांडीतून कमरेत, कमरेतून पाठीच्या मणक्यात, मणक्यातून दातांत. त्याने मूठ पिळली आणि ते वाढलं, सोडली आणि ते उतरलं. त्याचे डोळे भरून आले. किती वर्षांत कुठल्या वस्तूने त्याला स्वतःहून काही सांगितलं नव्हतं! ही गाडी बोलत होती आणि तिचे ओठ बघावे लागत नव्हते.

त्याने मान वर केली. मेहुण्याने दोन्ही कानांवर हात ठेवले होते.

"बंद करा! बंद करा ती!" मेहुणा ओरडत होता. गाडी बंद झाल्यावर त्याने हात खाली घेतले. "आतून फुटायला आलीय. क्रँक गेलाय तिचा. एवढी खडखड ऐकू नाही आली तुम्हाला?"

"आली की," जॉबर म्हणाला. "जुन्या गाडीला तेवढी चालायचीच. हीच घ्यायची."

"भावजी, भलतंच काय!"

"एक चक्कर मारून बघतो. तू बस मागे."

मेहुण्याने बरेच आढेवेढे घेतले. शेवटी बहिणीच्या नवऱ्याला फार बोलता येत नाही म्हणून तो मागे बसला. जॉबरने हेल्मेट चढवलं. आता समोर कोणाचं तोंड नव्हतं, म्हणजे त्याच्यापुरतं जगातलं बोलणं बंद झालं. पण मांडीखाली गाडी धडधडू लागली आणि तो ते विसरला.

आवाराबाहेर गोदामांचा सरळ रस्ता होता. पहिला गिअर मांडीत भरला तसा त्याने दुसरा टाकला, दुसरा भरला तसा तिसरा. एकदाही चुकला नाही. मैदानात गडबडणारा माणूस हाच का, असं कोणी विचारलं असतं. मेहुण्याने त्याच्या पाठीवर थाप मारली. जॉबरला बरं वाटलं. मग आणखी एक थाप बसली, मग भराभर तीन-चार. एवढी शाबासकी मेहुण्याने आजवर दिली नव्हती. जॉबरने मूठ आणखी पिळली.

गोदामं संपतात तिथे डावीकडून एक रस्ता येऊन मिळत होता. जॉबर सरळ निघाला. मेहुण्याच्या दोन्ही मुठींनी त्याचा शर्ट मागून खेचला, त्याच क्षणी डाव्या गुडघ्याला गरम वारा लागला आणि अंगावरून एक मोठी सावली गेली. तोल थोडा हलला, त्याने तो सावरला. उजव्या आरशात पाहिलं तर मागे रस्त्यावर एक टँकर आडवा थांबला होता. चालक दारातून अर्धा बाहेर येऊन मूठ उगारत होता. त्याचे ओठ आरशात उलटे दिसत होते, पण शिवी कुठल्याही बाजूने वाचता येते.

तेव्हा जॉबरला कळलं, त्या थापा शाबासकीच्या नव्हत्या.  तो गाडी अगदी हळू वळवून आवारात घेऊन आला.

मेहुणा उतरला आणि पायरीवर मटकन बसला. त्याच्या ओठांना रंग नव्हता, आणि ते थरथरत असल्यामुळे वाचायला कठीण जात होते.

"हॉर्न ऐकला नाहीत?"

"ऐकला की."

"मी ओरडत होतो ते?"

"ते पण."

"मग काय ओरडत होतो मी?"

जॉबरने हेल्मेट काढून हातात धरलं होतं. त्यातली गादी तो बोटाने दाबत राहिला.

"हळू चालवा म्हणत होतास," तो म्हणाला.

मेहुणा त्याच्याकडे बघत राहिला. मग उठला, काचेच्या खोलीत गेला आणि त्याने फोन लावला. जॉबरकडे त्याची पाठ नव्हती. पाठ करायची गरज त्याला वाटली नसावी, मध्ये जाड काच होती.

पण मधलं अंतर माग खात्याच्या अर्ध्या लांबीएवढंही नव्हतं.

"ताई, भावजींना ऐकू येत नाही," मेहुणा म्हणाला. "अगं कमी नाही, अजिबात नाही." तो थांबला. "काय? तुला माहीत आहे?" पुन्हा थांबला. "कधीपासून?" मग बराच वेळ तो नुसता ऐकत होता. "आणि तरी तू त्यांना गाडी घ्यायला पाठवलंस? मी होतो ना मागे, ताई! माझी दोन लहान पोरं आहेत." त्याने तेलकट बाहीने डोळे पुसले. "बरं. नाही सांगत. नाही म्हटलं ना, सांगत नाही."

जॉबरला आधी रागच आला. आपण इतकी वर्षं मान मोडून नाटक करत होतो आणि ती समोर बसून बघत होती! मग त्याला आठवत गेलं. ती कधी दुसऱ्या खोलीतून हाक मारत नसे. कामातले हात पुसत समोर यायची, दिव्याच्या उजेडात उभी राहायची, मगच बोलायची. माझी बायको कधी आवाज चढवत नाही, असं तो खात्यात अभिमानाने सांगायचा. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मेहुणा बाहेर आला. त्याची नजर जमिनीकडे होती, त्यामुळे त्याचं बोलणं बघायला जॉबरला वाकावं लागलं.

"इंजिनचं काम मी करून देतो," मेहुणा म्हणत होता. "ही आवडलीय ना, हीच घ्या. हळूहळू हात बसेल."

"ती काय म्हणाली?"

"कोण? मी गॅरेजला फोन—"

"काचेतून तू दिसत होतास. ती नव्हती दिसत. म्हणून विचारतो."

मेहुण्याने मान वर केली. कानाच्या पाळ्यांपर्यंत त्याचा चेहरा लाल झाला. तो बोलला तेव्हा त्याने प्रत्येक शब्द सुटा ठेवला. इतक्या लवकर तो ते शिकला याचं जॉबरला वाईट वाटलं.

"म्हणाली, काम गेलं तर ते भिंतीकडे बघत बसतील आणि आतल्या आत वाळतील. म्हणाली, ते येईपर्यंत मी रोज जीव मुठीत धरून दारात उभी राहीन, पण ते वाळणं मला बघवणार नाही. घेऊ दे त्यांना गाडी, म्हणाली."

जॉबर लाल गाडीकडे बघत उभा राहिला. ती घ्यावी, उद्या सकाळी निघावं, चारी खाती फिरावीत, कोणी काही बोलणार नव्हतं. बायको आणि मेहुणा दोघेही तोंड मिटून बसायला तयार होते. त्याला फार मोह झाला, आणि भीती त्याहून जास्त वाटली. टँकर अंगावर आला होता तेव्हाही तो हेल्मेटच्या आत हसत होता.

"तुझी पोरं केवढी आहेत रे आता?" त्याने विचारलं.

मेहुण्याने हाताने उंची दाखवली. एक कमरेएवढं, एक गुडघ्याएवढं.

जॉबरने चावी उचलली, काचेच्या खोलीत जाऊन गल्ल्यावर ठेवली. "गाडी नको," तो म्हणाला.

दुकानदार खणात डोकं घालून काहीतरी शोधत होता. त्याचा जबडा हलला.

"वर बघून बोला," जॉबर म्हणाला. आवाज बहुधा मोठा निघाला असावा, कारण बाहेरची दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. "मला ऐकू येत नाही."

दुकानदाराने वर पाहिलं आणि मग बहिऱ्याशी सगळे करतात तेच केलं. तोंड एवढं मोठं वासून ओरडला की एक अक्षर वाचता येईना. जॉबरने हात जोडल्यासारखं करून त्याला थांबवलं आणि बाहेर पडला.

"मालकाला काय सांगणार?" फाटकापाशी मेहुण्याने समोर येऊन विचारलं.

"आत्ता सांगितलं तेच."

"मग काम?"

"गेलं," जॉबर म्हणाला. 

बसथांबा पलीकडे होता. रस्त्यावर दोन्ही बाजूंनी गाड्या सुटल्या होत्या. मेहुण्याने आधी त्याच्या दंडाला हात लावला, मग संकोचून काढून घेतला, आणि शेवटी लहान मुलाची धरावी तशी त्याच्या शर्टाची बाही मनगटापाशी धरली. मध्ये एकदा बाहीला हिसका बसला तसा जॉबर थांबला, ढिली झाली तसा चालला. दोघे पलीकडच्या कडेला पोचले, थांब्याच्या सावलीत जाऊन उभे राहिले. मेहुणा बाही सोडायला विसरला होता, आणि जॉबरने ती सोडवून घेतली नाही.