अर्ध्या किलोच्या आतलं

मी बॅगा तोलणारा काटा बोलतोय. पोटात स्प्रिंग, तोंडावर तबकडी, खाली लोखंडी हूक आणि वर धरायला पट्टा, एवढाच माझा जीव. बातमी आली त्या बुधवारी सकाळी माझ्या हुकाला कलिंगड लटकलं होतं.

समुद्राजवळच्या एका भाड्याच्या घराचं स्वयंपाकघर होतं ते. छोटीने पैज लावली होती की कलिंगड साडेपाच किलोच्या वर भरणार. तिचा बाबा म्हणत होता, पाचाच्या आत. हरेल त्याने भांडी घासायची. दोघं माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती. छोटीची आई ओट्याशी अंडी फोडत होती आणि कित्येक महिन्यांनी काहीतरी गुणगुणत होती. सुट्टीचा चौथा दिवस होता. फोन वाजला तेव्हा तिची बोटं बरबटलेली होती, म्हणून तिने करंगळीने स्पीकर चालू केला. पलीकडे तिचा धाकटा भाऊ होता.

"ताई, आई गेली."

माझी सुई सहावर होती. छोटी जिंकली होती. ते कुणी कुणाला सांगितलं नाही.

भाऊ तिला ताई म्हणतो म्हणून मीही ताईच म्हणतो. बारा वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याने मला विकत आणलं. त्याच्या आदल्याच खेपेला माहेरून परतताना विमानतळावर तिची बॅग जास्त भरली होती, आणि रांगेतल्या शंभर माणसांसमोर ती उघडायला लावली होती. आतले कपडे सगळ्यांनी बघितले. आईने दिलेला पितळी डबा काढून भावाच्या हाती परत द्यावा लागला. नवरा म्हणाला, पुन्हा ही शोभा नको. म्हणून मी आलो.

नवरा परदेशात लिफ्ट दुरुस्त करतो. वजन हा त्याचा धंद्याचाच विषय. लिफ्टमधली 'सहा माणसे' ही पाटी माणसं कशी धाब्यावर बसवतात आणि मग अडकल्यावर त्यालाच कशी शिव्या घालतात, ते तो रंगवून सांगतो. शिव्या सगळ्या कळतात, पण भाषा येत नसल्यासारखा चेहरा करतो. ताई चष्म्याच्या दुकानात आहे. काचा घासून चौकटीत बसवायच्या, मग गिऱ्हाईक आलं की चष्मा त्याच्या नाकावर ठेवून दांड्या गरम करून कानामागे वळवायच्या. दिवसभर परक्या भाषेत हसून घरी आली की जबडा दुखतो, असं ती म्हणायची. त्या जबड्याने ती रोज आईशी फोनवर बोलायची आणि सगळं मजेत आहे असं सांगायची.

मी राहतो हॉलमधल्या कपाटाच्या खालच्या खणात. सोबतीला पासपोर्ट, तीन कुलुपं आणि चिकटपट्टीचं रीळ. वर्षातून आमचे दोनच दिवस. जायच्या आदला आणि यायच्या आदला.

या दोन दिवसांत मी माणसं ओळखायला शिकलो. बॅगेत वस्तू घालायला आणणारा प्रत्येक जण एकच वाक्य बोलतो, "हलकंच आहे." आत्या बोलते, शेजारी बोलतात, मित्राची सासू बोलते. माझी तबकडी अर्ध्या अर्ध्या किलोने आखलेली आहे. त्याच्या आतलं मला कळत नाही. अशी वीस हलकी ओझी एकत्र झाली की बॅगेचं कंबरडं मोडतं, आणि मग बाहेर काय काढायचं यावर नवरा-बायकोचं वाजतं. बाहेर निघतं ते आपलं स्वतःचं. दुसऱ्याचं काढायला तोंड लागतं.

माझ्याशी लबाडी केली ती एकाच माणसाने. ताईच्या आईने.

परतीच्या बॅगा माहेरच्या मधल्या खोलीत तोलल्या जायच्या. जावई दोन्ही हातांनी मला उचलून धरायचा, मानेच्या शिरा ताणल्या जायच्या, आणि म्हातारी मदतीच्या मिषाने बॅगेला खेटून उभी राहायची. लुगड्याच्या घोळाआडून तिचा उजवा पाय हळूच बॅगेखाली जायचा आणि चवड्यावर ती बॅग चिमूटभर उचलून धरायची. मी पंचवीसचे तेवीस दाखवायचो, विमानाच्या हद्दीत बसतील एवढे. "बघा जावईबापू," ती म्हणायची, "उगाच माझा डबा काढत होता." विमानतळावर जावई खोटा पडायचा आणि शिव्या मला बसायच्या. काटा फसवा आहे, फेकून दे म्हणायचा. ताई म्हणायची, राहू दे. ती त्या वेळी माझ्याकडे कधीच बघायची नाही. खाली जमिनीकडे बघायची.

आता सुट्टीबद्दल सांगतो, कारण सगळं तिथे येऊन थांबतं.

दहा वर्षं त्यांच्या सगळ्या रजा माहेर-सासर करण्यात गेल्या. रजा म्हणजे तरी काय, तीन आठवड्यांत चाळीस घरं. प्रत्येक घरी चहा, प्रत्येक घरी तोच प्रश्न, "कधी आलात आणि कधी जाणार?" एका घरी दोनदा गेले आणि दुसऱ्या घरी नाही, म्हणून रुसवे. परत आल्यावर नवरा बूट न काढता पलंगावर पडायचा आणि म्हणायचा की आता या सुट्टीनंतर एक सुट्टी पाहिजे. सुरुवातीला हा विनोद होता. मग एका हिवाळ्यात तो विनोद राहिला नाही. कामावर असताना ताईच्या हातून एकाच आठवड्यात तीन काचा तडकल्या. छोटी शाळेत कुणाशी बोलेना. लिफ्टच्या खड्ड्यात उभा असताना नवऱ्याला दरदरून घाम फुटला. डॉक्टर म्हणाला, दुखणं काही नाही, माणूस थकलाय.

मग त्यांनी कुजबुजत ठरवलं, चोरी करायची असल्यासारखं. यंदा घरी नाही. यंदा आपण तिघंच, आठ दिवस, समुद्र.

आईला सांगायचं काम ताईवर आलं. तिने फोन खणाजवळच्या टेबलावर ठेवला होता, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. ती आडवळणाने सुरू झाली आणि मध्येच रडली. आईने ऐकून घेतलं.

"अगं, मग जा की," आई म्हणाली. "इथे आलीस की नुसती पळापळ. एक वर्ष पाय पसरून बस. मी कुठे पळून चाललेय?"

"आणि तुझा चष्मा?"

"त्याची काय घाई? तू आलीस की बसवून दे."

तो चष्मा तेव्हा माझ्या शेजारीच होता. महिन्याभरापूर्वीच भावाने आईच्या नंबरचा नवा कागद फोटो काढून पाठवला होता. ताईने जेवणाच्या सुट्टीत काचा स्वतः घासल्या, हलकी चौकट निवडली, निळी डबी शोधली. नवरा म्हणाला होता, पोस्टाने पाठवून मोकळी हो. पण तिच्या धंद्यात पोस्टाने आलेल्या चष्म्याला कुणी चष्मा म्हणत नाही. नाकावर घसरतो, कानाला टोचतो, मग माणूस तो काढून ठेवतो आणि जुनाच वापरतो. परक्या म्हाताऱ्यांसमोर ती गुडघ्यावर बसून दांड्या वळवत होती. आईच्याच चष्म्याला शिक्का मारून पेटीत टाकायचं तिच्या जिवावर आलं. "माझ्या हाताने बसवीन," ती म्हणाली, आणि डबी खणात ठेवली.

एकदा छोटीने गंमत म्हणून ती डबी माझ्या हुकाला लावली. माझी सुई हलली नाही. मला कळलंच नाही की काही टांगलंय.

सुट्टीला गाडीने जायचं होतं, माझं काही काम नव्हतं. छोटीने मला किनाऱ्यावरचे दगड तोलायला म्हणून पिशवीत टाकलं. चार दिवस मी दगड तोलले, ओले टॉवेल तोलले, बापाचा बूट तोलला. ती तिघं इतकी हसलेली मी आधी पाहिली नव्हती. नवऱ्याने फोन बंद ठेवला होता. ताईचा मात्र चालू होता. आईचा फोन येईल म्हणून.

त्या बुधवारी अंडी तशीच राहिली. दुपारी ते घरी पोचले. पासपोर्ट काढायला ताईने खण ओढला आणि डबी पुढे घरंगळली. ती तशीच हातात धरून ती जमिनीवर बसली. मग उठून तिने चार कपडे बॅगेत टाकले, त्यांवर डबी ठेवली, आणि मला बॅगेला अडकवून उचललं.

"अगं, हिला कशाला तोलतेस?" नवरा म्हणाला.

"सवय," ती म्हणाली.

सहा किलो. आयुष्यात इतकी हलकी बॅग माझ्यावर कधी टांगली गेली नव्हती. परत उघडून तिने मलाही आत टाकलं. तीही सवयच.

पोचायला दोन दिवस लागले. तोवर सगळं आटोपलं होतं. मी मधल्या खोलीत उघड्या बॅगेत पडून होतो आणि येणारी-जाणारी माणसं बोलत होती. भाऊ प्रत्येकाला तेच सांगत होता. बुधवारी दिवेलागणीला, ताईकडे सकाळ होती तेव्हा, मागच्या दारी कपडे काढायला गेली, पायरी चुकली, डोकं फरशीवर आपटलं. चाळीस वर्षं ती पायरी उतरत होती, पायरी काही नवी नव्हती. कुणीतरी म्हणालं, लेक कुठे होती? दुसरं हळूच म्हणालं, सहलीला. हा शब्द त्या खोलीत बराच वेळ राहिला.

फडताळावर आईचा जुना चष्मा होता. एक दांडी दोऱ्याने बांधलेली. ताईने तो साबणाने धुतला, रुमालाने पुसला आणि उजेडात धरला, दुकानात धरते तसा. उजव्या काचेवर ओरखडा होता, बरोबर मधोमध. वहिनी दारात उभी होती.

"हल्ली संध्याकाळी पायरी दिसायची नाही त्यांना," वहिनी म्हणाली. "मी किती वेळा म्हटलं, इथलाच एक करून घेऊ. तर म्हणायच्या, कशाला, ताईकडे तयार आहे. पोस्टाने आला असता तर..." आणि पुढचं तिने गिळलं.

भाऊ आला आणि बायकोवर खेकसला. ताईने त्याला हाताने थांबवलं. "खरं तेच बोलतेय ती," म्हणाली, आणि जुन्या चष्म्याचा दोरा सोडवत बसली.

परतीच्या आदल्या दिवशी मधल्या खोलीत बॅग तोलली. वहिनीने पितळी डबा आणून दिला होता. इतक्या वर्षांत तो एकदाही विमानतळापलीकडे जाऊ शकला नव्हता. शिवाय आईची लुगडी. नवऱ्याने मला उचललं, आणि मी दाखवले सव्वीस. पूर्ण सव्वीस. ताईने सवयीने खाली बघितलं. बॅगेखाली फरशी होती.

"डबा काढावा लागेल," नवरा हळूच म्हणाला.

डबा मागे राहिला.

आता मी पुन्हा खणात आहे. गेल्या वर्षीही रजा घेतली नाही, यंदाही नाही. समुद्राचा विषय घरात निघत नाही. छोटीने पिशवीतून आणलेले दगड एक दिवस गुपचूप खाली जाऊन टाकून दिले. ताई कामावर जाते, हसते, जबडा दुखवून घेते. तुम्ही कुणी दूर राहत असाल आणि तुमच्या खणात कुणासाठी काही तयार ठेवलेलं असेल, तर माझ्यासारख्या काट्यावर विसंबू नका. मला जे जड वाटलं ते सगळं मागे राहिलं तरी चाललं.

भावाने एकदा फोनवर सुचवलं की चौकट चांगली आहे, काचा बदलून कुणाला तरी दे. ताई बघते म्हणाली. निळी डबी माझ्या शेजारीच आहे. आतल्या चष्म्याच्या दांड्या अजून सरळ आहेत, कानामागे वळवायच्या राहून गेल्या.