मस्कतला ऐकू गेलेली डवली

करवंटीची डवली म्हटलं की तुम्ही नाक मुरडाल, मित्रांनो. अर्धी करवंटी, तिला दोन भोकं आणि त्यांतून घातलेला बांबूचा दांडा, एवढाच माझा जीव. पण काल आमच्या घरात असं काही घडलं, की ते सांगितल्याशिवाय मला या खुंटीवर चैन पडायचं नाही.

माझा जन्म केरळातल्या पाला गावाजवळच्या एका अंगणातला. लेक मरियक्कुट्टी लग्न होऊन सासरी निघाली, तेव्हा ओसेफ नावाच्या तिच्या बापानं मला घडवलं आणि खरखरीत पानांनी घासघासून गुळगुळीत केलं. पाठवणीच्या सामानात सगळ्यांना सोनं दिसलं, मी कुणाच्या खिजगणतीत नव्हते. तरी सासरी आल्यावर मरियक्कुट्टीनं आधी मलाच बाहेर काढलं, कारण तिला केसांचं तेल काढायचं होतं.

तेल करावं तर मरियक्कुट्टीनं. उरुळी म्हणजे आमच्याकडचं पसरट काशाचं भांडं. त्यात खोबरेल तेल, माका, जास्वंदीची पानं, कढीपत्ता आणि आवळा वाटून काढलेला रस घालायचा, खाली मंद जाळ ठेवायचा आणि मी फिरत राहायचं. खोबरेल तेलाशी माझं नातं सख्ख्या बहिणीचं, आम्ही दोघी नारळाच्याच लेकी. तळाचा गाळ आधी चिखलासारखा असतो, मग मेणासारखा चिकटतो आणि रसातलं सगळं पाणी आटलं की वाळूसारखा करकरतो. त्या घडीला तेल उतरवायचं. आधी उतरवलं तर पाणी राहतं, तेल खवट होतं आणि डोक्याला लावणाऱ्याला सर्दी होते. उशीर झाला तर करपतं. मरियक्कुट्टी उरुळीत बघतसुद्धा नसे. मान वळवून नुसतं मला ऐकायची, आणि शेजारणी म्हणायच्या, हिच्या डवलीला वाचा आहे. तेव्हा मी किती फुगत असे म्हणून सांगू!

मग ती नर्स होऊन मस्कतला गेली. घरात दुकानातल्या बाटल्या आल्या आणि मी धुरकटलेल्या भिंतीवर लटकत राहिले. माझ्या पोटात पालीनं अंडी घातली. वाईट वाटायचं, पण बोलायचं कुणाशी?

परवा मरियक्कुट्टीचा फोन आला. हसत हसतच म्हणाली, "इथल्या पाण्यानं केस मुठीमुठीनं चाललेत. शुक्रवारी सुट्टी आहे, मानेपर्यंत कापून मोकळी होते."

जिन्सीला, तिच्या लेकीला, हसू आलं नाही. आईच्या वेणीला धरून ती चालायला शिकली होती. शेजारचा तंकच्चन रजा संपवून दुसऱ्याच दिवशी मस्कतला निघणार होता. म्हणजे शुक्रवारच्या आत तेल पोचवायचं तर त्याच्याच हाती, आणि तेल काढायचं ते तो निघायच्या आत.

"आपण करू," पैली म्हणाला. पैली म्हणजे जिन्सीचा बाप. रबराच्या झाडांना खाच पाडण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही, पण चुलीपुढे तो पाहुणाच. "त्यात काय आहे? तापवायचं आणि गाळायचं. मात्र अम्माला बोलायचं नाही हं, चकित करू तिला."

सकाळी जिन्सीनं मला खुंटीवरून काढलं, धुतलं, उन्हात वाळवलं. मित्रांनो, इतक्या वर्षांनी उरुळीत उतरताना मला कसं झालं असेल! बापलेकींची नुसती धांदल. पैलीनं जास्वंदीचं अर्धं झुडूप ओरबाडून आणलं आणि माका म्हणून भलतंच गवत उपटून आणलं, ते जिन्सीनं वेळीच फेकलं. घरभर हिरवा वास कोंदला.

दुपारी दारात जीप आली आणि भोंगा वाजू लागला. तंकच्चन खोकी दोरीनं बांधून तयार होता.

"झालं, उतरव," पैली म्हणाला.

कसलं झालं? मी अजून मेणात रुतत होते. सांगणार कशी?

जिन्सीचा हात मात्र थबकला. "अप्पा, मला नाही वाटत. अम्माला विचारू या."

"अगं, तिला कळू द्यायचं नव्हतं ना?"

"खवट तेल पाठवण्यापेक्षा कळलेलं बरं." तिनं फोन लावलासुद्धा.

मरियक्कुट्टी कामावर होती. सगळं ऐकून म्हणाली, "अप्पा तेल करतायत? घर जागेवर आहे ना? बरं, फोन उरुळीजवळ धर आणि डवली तळाला लावून फिरव." क्षणभरानं म्हणाली, "काही ऐकू येत नाही. ती फटफट कसली?"

"तंकच्चन काकांची जीप."

"त्याला दे फोन. तंकच्चा, जीप बंद कर."

"चेची," थोरल्या बहिणीला म्हणतात तसं तो म्हणाला, "विमान माझ्यासाठी थांबायचं नाही."

"आणि इथं तुला ताप आला की इंजेक्शन द्यायला कोण येतं? या खेपेला जाड सुई आणीन. बंद कर."

तंकच्चननं मुकाट्यानं ड्रायव्हरला हात केला आणि नवा शर्ट सावरत चुलीपाशी उकिडवा बसला. जीप गप्प झाली. पैलीनं कोंबड्या हाकलल्या. आता सगळ्यांचे कान माझ्याकडे होते. मी जीव ओतून फिरत होते.

"तडतडतंय अजून. पाणी आहे. जाळ कमी करा."

तंकच्चननं स्वतः लाकूड मागे ओढलं. हळूहळू तडतड विरली. माझ्या काठाला तळाशी काहीतरी सुटं, खरखरीत लागलं. करकर.

"थांब. पुन्हा फिरव," समुद्रापलीकडून ती म्हणाली. करकर, करकर. "झालं. उतरव लगेच, करपेल."

मग जी पळापळ झाली! फडक्यातून गाळलेलं गरम तेल डब्यात घातलं, डबा टॉवेलात गुंडाळला आणि तो मांडीवर घेऊन पैलीच जीपमध्ये चढला. विमानतळ येईपर्यंत निवेल, तिथं बाटलीत भरू, असं ठरलं. वजन वाढेल म्हणून तंकच्चननं खोक्यातला स्वतःचा हलवा काढून जिन्सीच्या हातात दिला. जीप धुरळा उडवत गेली.

आनंदानं माझा दांडा अजून तापलेला होता. मला वाटलं, माझं काम संपलं.

"अम्मा, गेले गं," जिन्सी म्हणाली. "ठेवू?"

"नको ठेवूस. उरुळी तिथंच आहे ना? डवली फिरव."

"अगं, तेल गाळलं. नुसता गाळ उरलाय."

"असू दे."

जिन्सी फिरवू लागली. कोरड्या गाळात मी करकरत राहिले. 

"अम्मा, आहेस ना?"

"आहे गं. तू फिरव."

मित्रांनो, मला रोज पुसा, पालीपासून जपा, असं मी म्हणणार नाही. एवढंच मागते. लांब गेलेलं तुमचं माणूस फोनवर म्हणालं की अजून थोडं ऐकू दे, तर हातातलं काम इतक्यात खाली ठेवू नका.