साहेबाचं चित्र असलेली प्लेट

मी प्लेट बोलतेय. जेवणाची नव्हे. माझ्यात आजवर कुणी घासभरही वाढलेलं नाही. माझ्यावर एक कुत्रा रंगवलेला होता आणि मी एका म्हाताऱ्या माणसाला भेट म्हणून दिली गेले.

रंगवणाऱ्या बाईचा हात फार चांगला. लोक फोनवर आपल्या कुत्र्या-मांजरांचे फोटो पाठवायचे आणि ती ते हुबेहूब प्लेटवर उतरवायची. या कुत्र्याचं नाव साहेब. तोंडाजवळचे केस पिकलेले, डावा कान पडलेला, डोळ्यांखाली पाणी गळून झालेले तांबूस डाग.

"ते डाग नका ठेवू, बरं नाही दिसत," मला न्यायला आलेला त्या म्हाताऱ्याचा मुलगा म्हणाला.

"मग तो तुमचा कुत्रा कसा राहील?" बाई म्हणाली. "आणि थांबा, अजून भट्टीत भाजायचीय. त्याशिवाय रंग पक्का होत नाही."

"वेळ नाही हो. बाबा आजच हॉस्पिटलमधून घरी येतायत."

"मग कच्चीच न्या. पण ओलं फडकं लावू नका. घरात सगळ्यांना सांगा."

"सांगतो ना," म्हणाला. कसलं सांगतोय!

घरी आजोबांनी मला मांडीवर घेतलं, खूप वेळ पाहिलं आणि विचारलं, "झकास. पण साहेब कुठंय?"

मुलगा म्हणाला, "बाबा, त्याला एका चांगल्या घरी दिलाय. बाग आहे त्यांची. तुमच्या पायाला आता त्याच्यामागे फिरणं झेपणार नाही."

"आणि बाळ रांगायला लागलंय, बाबा," सून म्हणाली. "घरभर केस."

"मला न विचारता? परत आणा त्याला."

"बघू."

तेव्हा मला माझी लायकी कळली. म्हाताऱ्याच्या तोंडाला पानं पुसायला मला आणलं होतं. मला माझी लाज वाटली.

आजोबा सकाळी उठले की चष्मा शोधायच्या आधी रुमाल ओला करून साहेबाचे डोळे पुसायचे. वर्षानुवर्षांची सवय ती. आता ते माझ्यासमोर येऊन उभे राहू लागले. "हलू नकोस रे, झालंच," म्हणत हलक्या हाताने पुसायचे. आधी डाग गेले. मग डोळे फिकट झाले, हळूहळू सगळं तोंडच पुसलं गेलं. मी आतल्या आत ओरडत होते, की आजोबा, पुसू नका हो, तो जातोय! पण प्लेटचं कोण ऐकतं?

एकदा त्यांनी चष्मा लावून पाहिलं. माझ्यावर एक पडलेला कान तेवढा उरला होता.

"बाबा, ओलं फडकं लावायचं नव्हतं!" मुलगा वैतागला. "त्या बाईनं बजावून सांगितलं होतं."

"मला कुणी सांगितलं?" आजोबा म्हणाले. "साहेबाला नेलंत, तेव्हा तरी कुणी सांगितलं?"

त्या दिवसापासून आजोबा साहेबाचं नावही काढत नाहीत. ताटातलं अर्धं तसंच टाकून उठतात. सून म्हणते, वयच झालं आता.

काल मुलाने माझ्यासमोरच रंगवणाऱ्या बाईला फोन लावला. "तसलीच दुसरी करा. या वेळी नीट भाजून द्या, घाई नाही," म्हणाला. साहेबाला ज्यांच्या घरी सोडलंय, त्यांचा नंबरही त्याच फोनमध्ये आहे. तो लावायला त्याला अजून सवड झालेली नाही.

मला खुशाल फोडा. पण आधी तो फोन लावा.