पुन्हा येणारा आकडा

“फुंका, फुंका, अजून, अजून... झालं!” केरेन्झाने जोरीकाकांच्या तोंडातली नळी काढून घेतली.

सातवी फुंकर. फुप्फुसाची ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर आकडा उमटला : दोन पॉइंट सात लिटर.

काका बराच वेळ खोकत राहिले. बंदरावरच्या बचावबोटीचे ते एकवीस वर्षं तांडेल होते. आकडा तीनच्या खाली राहिला, तर डॉक्टर त्यांना पुन्हा बोटीवर चढू देणार नव्हते.

“पहिल्यांदा तीन पॉइंट एक आला होता,” ते म्हणाले. “तोच लिही की, पोरी. माझ्याच छातीतून आला ना?”

“एकदाच आला, काका. त्याच्या जवळ जाणारी दुसरी फुंकर हवी. फार तर अर्धा कप चहाइतका फरक चालतो.” तिने पडद्यावरची लाल ओळ वाचली. “नॉट रिपीटेबल.”

भिंतीशी बसलेल्या वेनाकाकू फिसकन हसल्या.

“याच्या तोंडून निघतं ते सगळं तसलंच. चारचौघांत पुन्हा उच्चारायची सोय नाही.”

“तो अर्थ वेगळा, काकू.” केरेन्झालाही हसू आलं. “इथे एवढंच, की पुन्हा मोजलं तरी तेच यायला हवं.”

काका हसले नाहीत.

“म्हणजे एकाला पाण्यातून ओढून घेतलं, आणि लगेच दुसरा दिसला, तर?”

केरेन्झाने नळीचं तोंड बदललं. “अजून एक फुंकर बाकी आहे. आठच्या पुढे आम्ही घेत नाही.”

“राहू दे. ‘नॉट रिपीटेबल’ हा शब्द बरोबर आहे तुझा.” फुंकताना हवा नाकातून निसटू नये म्हणून लावलेला चिमटा त्यांनी काढून टेबलावर ठेवला.

बोट सोड म्हणून वेनाकाकू नऊ हिवाळे नवऱ्याच्या मागे लागल्या होत्या; गावात हे कोणापासून लपलेलं नव्हतं. आता त्या घरी निघायला कोट चढवतील, असं केरेन्झाला वाटलं. काकू उठल्या. चिमटा उचलून त्यांनी तो काकांच्या नाकावर परत बसवला.

“अगं, पण तूच तर...” काका नाकात बोलले.

“मी काय म्हणत होते ते मला ठाऊक आहे. सरळ बस.”

त्यांनी काकांच्या पाठीवर तळहात टेकवला. काकांनी छाती भरून श्वास घेतला आणि नळी ओठांत धरली.

‘फुंका’ म्हणायला केरेन्झाने वर पाहिलं. वेनाकाकूंनीही श्वास रोखून धरला होता.